माहिती लिहायची म्हणजे काय करायचे?

‘मोहाचे झाड’ या विषयावर दहा ओळी लिहा असे सांगितले, की चौथी-पाचवीच्या वर्गात साधारणपणे असे काहीतरी लिहून मिळते :

“मोह हे एक झाड आहे. मोहाचे झाड खूप मोठे असते. मोहाला फुले येतात. फुले गोड असतात. मोहाचे खूप उपयोग आहेत. मोह आपल्याला सावली देतो. झाडे आपली मित्र आहेत. आपण झाडांचे रक्षण केले पाहिजे. झाडे लावा, झाडे जगवा.”

हा नमुना आम्हीच रचला आहे, पण वह्या तपासणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला तो ओळखीचा वाटेल. शुद्धलेखनात खोट नाही, वाक्ये पुरी आहेत, अक्षरही बरे असेल. दहापैकी सात गुण द्यायला हरकत नाही. आता एक साधी कसोटी लावून पाहू. ‘मोह’ या शब्दाच्या जागी ‘आंबा’ घाला, ‘फुले’च्या जागी ‘फळे’ घाला आणि परिच्छेद पुन्हा वाचा. सगळे तसेच खरे राहते! जो परिच्छेद मोहाला लागू आहे आणि आंब्यालाही लागू आहे, त्यात मोहाची माहिती किती असेल?

हाच परिच्छेद पुण्या-मुंबईच्या मुलाने लिहिला, तर एक वेळ समजण्यासारखे आहे. त्याने मोह पाहिलेला नसतो. पण अहेरी, आलापल्ली, एटापल्ली, भामरागड या भागातली मुले फाल्गुन-चैत्रात अंधार असतानाच टोपली घेऊन मोहाखाली गेलेली असतात. कोणते झाड आधी गळू लागते, कोणत्या झाडाची फुले जास्त गोड, उजाडायच्या आत का पोहोचायचे, फुले वाळायला किती दिवस लागतात, वाळवताना पाऊस आला तर काय होते, हे त्यांना ठाऊक असते. यातले एक अक्षरही वहीत उतरत नाही. जाणकार मूल अजाण असल्यासारखे लिहिते. असे का होते आणि त्यावर वर्गात काय करता येईल, याचा विचार या लेखात करू.

माहिती कुठे असते?

पहिले कारण असे, की माहिती पुस्तकात असते, अशी मुलांची समजूत झालेली असते. जे घरी, शेतात, जंगलात कळते ते ‘असेच माहीत असलेले’. ते लिहिण्याजोगे आहे असे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

दुसरे कारण वाचकाचे. मुलाच्या लेखनाला बहुतेक वेळा एकच वाचक असतो, तो म्हणजे शिक्षक. शिक्षकांना सगळे आधीच माहीत आहे, हे मुलाला पक्के ठाऊक असते. ज्याला सगळे माहीत आहे त्याला काय सांगायचे? मग मूल सांगत नाही, फक्त ‘उत्तर देते’.

तिसरे कारण निबंधाचे वळण. आपल्याकडे निबंधाचा शेवट उपदेशाने करण्याची सवय आहे. माहितीच्या परिच्छेदात उपदेशाची गरज नसते. ‘आपण झाडांचे रक्षण केले पाहिजे’ हे वाक्य चांगले आहे, पण ती माहिती नव्हे.

चौथे कारण भाषेचे, आणि अहेरीसारख्या ठिकाणी ते फार मोठे आहे. एकाच वर्गात घरी माडिया किंवा गोंडी बोलणारे मूल असते, तेलुगू बोलणारे असते, मुलचेऱ्याकडून आले असेल तर बंगाली बोलणारेही असते. जंगलाचे ज्ञान त्या मुलाला घरच्या भाषेत मिळालेले असते, आणि लिहायचे असते पुस्तकी मराठीत. जे वाक्य मराठीत सहज येते तेवढेच मूल लिहिते. ‘मोह हे एक झाड आहे’ हे सहज येते. वाक्य सोपे असते म्हणून लिहिले जाते, महत्त्वाचे असते म्हणून नव्हे.

आता तर मोबाइललाही विषय सांगितला, की तो नीटनेटका परिच्छेद लिहून देतो. मुलांनी तो उतरवून काढला तर शिक्षकांनी कसे ओळखावे, अशी काळजी व्यक्त होते. वरची कसोटी येथेही उपयोगी पडते. शाळेमागच्या मोहाची फुले यंदा कधी गळू लागली, हे मोबाइलला माहीत नसते. प्रश्नच असा विचारावा, की ज्याचे उत्तर तेथे जाऊन पाहिल्याशिवाय देता येणार नाही.

विषय नको, प्रश्न द्या

आम्ही संशोधन करणारी माणसे. लिहिणे हा आमच्याही रोजच्या कामाचा भाग आहे. पण ‘मोह’ या विषयावर शोधनिबंध लिही, असे आम्हाला कोणी सांगत नाही. विषयाला अंत नसतो, प्रश्नाला असतो. म्हणून परिच्छेद लिहायला सांगण्याआधी विषयाचा प्रश्न करून घ्यावा. एका परिच्छेदाला एक प्रश्न पुरतो.

प्रश्न शक्यतो मुलांनीच काढावेत. फळ्यावर मधोमध ‘मोह’ लिहावे आणि भोवती मुलांचे प्रश्न मांडावेत. फुले पहाटेच का वेचतात? झाडाखालचा पाचोळा आधी का जाळतात, आणि ती आग जंगलात पसरू नये म्हणून काय करतात? शंभर ओली फुले वाळल्यावर किती वजनाची भरतात? मोह फुलतो तेव्हा त्याला पाने का नसतात? सगळी फुले वेचून नेली तर झाडाला फळे कुठून येतात?

हा शेवटचा प्रश्न आम्हाला विशेष आवडतो. फुलापासून फळ होते, हे मुले पुस्तकात शिकतात. मग फुले टोपलीत गेली, तर फळ धरायलाच नको. पण पावसाळ्याच्या तोंडावर मोहाला फळे येतात आणि बियांचे तेल निघते, हेही मुलांना माहीत असते. पुस्तक आणि अनुभव येथे एकमेकांशी भांडतात. असे भांडण दिसले, की समजावे, चांगला प्रश्न हाती लागला.

आधी पाहणे, मग बोलणे, मग लिहिणे

प्रश्न ठरल्यावर लगेच वही उघडू नये. आधी पाहायला पाठवावे. पडलेली वीस फुले गोळा करा आणि एकेक फूल दोन्ही बाजूंनी न्याहाळा. मग हाताशी येणाऱ्या फांदीवरचे घोस पाहा आणि फूल गळून गेलेल्या देठावर काय उरले आहे ते पाहा.

पाहून आलेल्या मुलांना बोलू द्यावे, आणि घरच्या भाषेत बोलू द्यावे. शिक्षकांना माडिया येत नसेल, तर दोन्ही भाषा येणारी मुले वर्गात असतात. त्यांना दुभाषी होऊ द्या. मोहाला तेलुगूत ‘इप्प’ म्हणतात, तेंदूला ‘तुनिकी’. माडिया, गोंडी आणि बंगालीतले शब्द मुलांकडून घ्यावेत आणि मराठी शब्दांशेजारी फळ्यावर लिहावेत. ज्या गोष्टीला मराठीत नेमका शब्द नसेल, तिथे घरचा शब्द तसाच ठेवून त्याचा अर्थ एका वाक्यात सांगावा. शास्त्रज्ञ लॅटिन नावे वापरून हेच करतात. त्यात कमीपणा नाही.

बोलण्यातून जमलेली माहिती चार रकान्यांत मांडावी : ‘आम्ही पाहिले’, ‘आम्ही ऐकले’, ‘आम्ही वाचले’ आणि ‘आम्हाला वाटते’. हे चार रकाने म्हणजे या सगळ्या कामाचा कणा आहेत. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत आम्हीही याहून वेगळे काही करत नाही. काय दिसले आणि त्यावरून काय वाटले, हे वेगळे ठेवतो. कधी पाहिले, कुठे पाहिले, कोणी पाहिले, हे लिहून ठेवतो. लहान मुलांनाही हे जमते. त्यांना फक्त चार वाक्प्रचार द्यावे लागतात : ‘आम्ही मोजले तेव्हा…’, ‘आजी सांगते की…’, ‘पुस्तकात दिले आहे की…’, ‘यावरून आम्हाला वाटते की…’.

आता मोहाच्या त्या प्रश्नावरचा परिच्छेद कसा होऊ शकेल ते पाहू. हाही नमुना आम्हीच तयार केला आहे :

“मोहाची फुले वेचली तरी झाडाला फळे धरतात. फुले पहाटे गळून खाली पडतात. पण सगळे फूल पडत नाही. आम्ही पडलेली वीस फुले पाहिली. प्रत्येक फूल नळीसारखे पोकळ होते आणि त्याला दोन्ही बाजूंनी भोक होते. मग आम्ही फांदीवरचे घोस पाहिले. फूल गळलेल्या देठांवर तपकिरी टोपीसारखा भाग होता आणि त्यातून एक बारीक काडी बाहेर आली होती. या भागाचेच पुढे फळ होते, असे आजी सांगते. आम्ही एका घोसाला लाल दोरा बांधला आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला तो पुन्हा पाहू.”

या परिच्छेदात ‘मोह’च्या जागी ‘आंबा’ घालता येत नाही. यातले शास्त्रही बरोबर आहे. खाली पडतो तो पाकळ्यांचा जुळून झालेला मांसल, गोड भाग. पुंकेसर त्याच्या आतल्या बाजूला चिकटलेले असतात, म्हणून तेही त्याच्याबरोबर पडतात. अंडाशय मात्र संदलांसह झाडावरच राहतो. बाहेर आलेली काडी म्हणजे कुक्षिवृंत. ‘भोक’, ‘टोपी’, ‘काडी’ हे शब्द आधी येऊ द्यावेत. ‘पाकळी’, ‘संदल’, ‘कुक्षिवृंत’ हे शब्द वरच्या वर्गात त्यांच्या जागी बसवता येतात. नेमके पाहिलेले असले, की परिभाषा लवकर कळते. पाहिलेले नसले, की ती नुसती पाठ होते.

चिठ्ठ्यांचा खेळ

माहिती जमली, तरी ती कोणत्या क्रमाने लिहायची हा प्रश्न उरतो. येथे एका दूरच्या शाळेची आठवण उपयोगी पडेल. इटलीत फ्लॉरेन्स शहराजवळच्या डोंगरात बार्बियाना नावाचे खेडे आहे. तेथे लोरेंझो मिलानी हे धर्मगुरू गरीब शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवत. सरकारी शाळेने नापास करून बाहेर काढलेली मुले त्यांच्याकडे येत. त्या शाळेतल्या आठ मुलांनी मिळून १९६७ साली एक पुस्तक लिहिले. नापास करणाऱ्या शिक्षिकेला लिहिलेले ते एक लांबलचक पत्र आहे. ‘प्रिय बाई’ या नावाने ते मराठीतही आले आहे. आपण कसे लिहितो, हेही त्या मुलांनी त्यात सांगितले आहे. प्रत्येकाच्या खिशात वही असते. सुचेल ते टिपायचे, एका चिठ्ठीवर एकच मुद्दा. मग सगळ्यांच्या चिठ्ठ्या टेबलावर मांडायच्या, एकसारख्या बाजूला काढायच्या, जवळच्या मुद्द्यांचे गठ्ठे करायचे, गठ्ठ्यांचा क्रम लावायचा, आणि शेवटी नको असलेला प्रत्येक शब्द काढून टाकायचा.

ही रीत आपल्या वर्गात जशीच्या तशी वापरता येते. पाठकोऱ्या कागदाच्या पट्ट्या कापाव्यात. चार-पाच मुलांच्या गटाने प्रत्येक पट्टीवर एक वाक्य लिहावे. मग तीन प्रश्न विचारावेत.

१. हे वाक्य आपल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मदत करते का? करत नसेल तर पट्टी बाजूला ठेवा. ती फेकू नका, दुसऱ्या परिच्छेदाला उपयोगी पडेल.

२. कोणते वाक्य आधी वाचले, म्हणजे बाकीची कळतील? ते पहिले.

३. दोन पट्ट्यांमध्ये कोणता शब्द घातला म्हणजे त्या जोडल्या जातील? ‘म्हणून’, ‘कारण’, ‘मात्र’, ‘त्यानंतर’, ‘याउलट’ हे शब्द वेगळ्या रंगाच्या लहान पट्ट्यांवर लिहून ठेवावेत.

वहीत लिहिलेले वाक्य मुलांना पक्के वाटते. ते खोडणे म्हणजे चूक झाली असे वाटते. पट्टी मात्र सहज हलवता येते. लेखन बदलता येते, हे मुले हाताने शिकतात.

क्रम लावण्याच्या रीती फार नाहीत. तेंदूची पाने तोडण्यापासून पुडे बांधून फळीवर नेईपर्यंतची हकिगत काळाच्या क्रमाने येते. लाल मुंग्यांचे झाडावरचे घरटे कसे असते, हे भागांच्या क्रमाने येते. आधी बाहेरून दिसते ते, मग पाने कशी जोडलेली आहेत ते. (कामकरी मुंग्या पानांच्या कडा ओढून धरतात आणि दुसऱ्या मुंग्या अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमी धाग्याने कडा चिकटवतात.) उन्हाळ्यातली आणि पावसाळ्यातली प्राणहिता यांचे वर्णन तुलनेने येते. मोहाच्या फळाचा प्रश्न कारणाने सुटतो. प्रश्न कोणत्या जातीचा आहे हे ओळखले, की क्रम निम्मा ठरतोच.

‘खूप’ या शब्दावर बंदी

एक महिनाभर वर्गात ‘खूप’, ‘फार’, ‘छान’, ‘मोठे’ या शब्दांवर गमतीने बंदी घालून पाहावी. ‘झाड खूप मोठे आहे’ असे लिहायचे नाही. मग काय लिहायचे? तीन मुलांनी हात पसरले तेव्हा बुंध्याला कवेत घेता आले, असे लिहायचे. सुतळी गुंडाळून घेर मोजायचा आणि सेंटिमीटरमध्ये लिहायचा. ‘फुले वाळल्यावर खूप हलकी होतात’ याऐवजी दुकानातल्या तराजूवर शंभर ओली फुले तोलायची, वाळल्यावर तीच पुन्हा तोलायची. येथे गणित, विज्ञान आणि भाषा यांचे तास वेगळे राहत नाहीत.

जे डोळ्यांनी पाहता येत नाही, त्यासाठी पुस्तकाकडे जावे लागते, आणि तेही शिकवायला हवे. आलापल्लीजवळचे ‘वनवैभव’ मुलांनी पाहिले असेल. पण हा सुमारे सहा हेक्टरांचा जंगलाचा तुकडा १९५३ साली राखून ठेवला गेला आणि २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, हे झाडांकडे पाहून कळत नाही. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे सापडणाऱ्या जीवाश्मांचे वयही डोळ्यांनी ठरत नाही. अशी वाक्ये ‘आम्ही वाचले’ या रकान्यात जातात. वाचलेले उतरवायचे नाही. पुस्तक मिटून आपल्या वाक्यात सांगायचे, आणि पाहिलेल्या एखाद्या गोष्टीशी जोडायचे.

तपासणी

लाल पेनाची पहिली फेरी टाळावी. पहिल्या वाचनात समासात फक्त दोन प्रश्न लिहावेत. ‘भोक दोन्ही बाजूंनी होते हे कसे कळले?’, ‘दोरा कधी बांधला?’ असे प्रश्न आले, की कोणीतरी आपले लेखन खरोखर वाचते आहे हे मुलाला कळते आणि ते आणखी लिहिते. ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या फेरीत पाहावेत. ज्या मुलाची घरची भाषा मराठी नाही, त्याच्या बाबतीत ही दुसरी फेरी एका वेळी एकाच प्रकारच्या चुकीपुरती ठेवावी.

आणि वाचक बदलावा. पाचवीने लिहिलेले तिसरीला वाचून दाखवावे. त्याहून चांगले म्हणजे, मोह न पाहिलेल्या एखाद्या शाळेला पत्राने पाठवावे. त्यांनी आपल्याकडच्या समुद्राबद्दल किंवा कापसाबद्दल लिहावे. वाचकाला माहीत नाही हे कळले, की मूल समजावून सांगू लागते.

वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांकडून आणखी दोन अपेक्षा ठेवाव्यात. पहिल्या वाक्यात उत्तर सांगायचे आणि पुढच्या वाक्यांत त्याचा पुरावा द्यायचा. आणि आपण किती पाहिले त्याची मर्यादा लिहायची. एका झाडाची वीस फुले पाहिली, तर ‘सर्व मोहांची’ असे लिहायचे नाही.

हे कशासाठी?

परीक्षेत माहितीलेखनाला काही गुण असतात, हे उत्तर पुरेसे नाही. गडचिरोली जिल्ह्यात या कौशल्याची किंमत वेगळीच आहे. वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि त्याचे नियम २००८ साली आले. गावाने जंगलावरचा हक्क सांगताना कोणते पुरावे चालतील, हे त्या नियमांत दिले आहे. त्यात सरकारी कागदपत्रे आहेत, तशीच गावातल्या वडीलधाऱ्यांची लेखी नोंदवलेली निवेदनेही आहेत. दावेदार सोडून इतर वृद्ध माणसांनी सांगितलेले आणि कोणीतरी लिहून घेतलेले! म्हणजे आजोबांनी सांगितलेले नीट ऐकणे, ठिकाण आणि काळ विचारून घेणे, ऐकलेले आणि पाहिलेले वेगळे ठेवणे आणि नेमक्या वाक्यांत उतरवणे. ‘आमचे गाव जंगलाचा खूप उपयोग करते’ हे वाक्य तेथे कामाचे नाही. कोणत्या ओढ्यापर्यंत, कोणत्या महिन्यात, काय आणायला, किती पिढ्यांपासून, हे लागते.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळाला. त्याआधी कित्येक वर्षे त्या गावात अभ्यासगट चालत असत. गावकरी एकत्र बसून प्रश्न समजून घेत, बोलत, आणि मग ग्रामसभेत निर्णय करत. २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर गावोगावी लोकांच्या जैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. त्याही अशाच परिच्छेदांनी भरतात. त्या बाहेरच्या माणसाने भरायच्या की गावातल्या मुलामुलींनी, हे आजच्या पाचवीच्या वर्गात ठरते आहे.

वर्षभरासाठी काही प्रश्न

सुरुवात करण्यासाठी ऋतूंप्रमाणे काही प्रश्न येथे देत आहोत. प्रत्येक प्रश्नावर एकच परिच्छेद, आठ ते दहा वाक्यांचा.

पावसाळा : आमच्या ओढ्याला पूर आला तेव्हा पाणी कुठपर्यंत चढले, आणि ते आम्हाला कशावरून कळले? पहिल्या पावसानंतर कोणकोणत्या रानभाज्या कोणत्या क्रमाने उगवतात?

हिवाळा : धान कापल्यापासून घरी येईपर्यंत कोणकोणती कामे होतात आणि ती कोण करते? प्राणहितेचे पाणी कोणत्या महिन्यात उतरू लागते?

उन्हाळा : तेंदूचे कोणते पान घेतात आणि कोणते टाकतात? एका पुड्यात किती पाने असतात, आणि पुडा बांधायला किती वेळ लागतो? घोसाला बांधलेल्या लाल दोऱ्याजवळ आता काय दिसते?

मुलांनी लिहिलेले परिच्छेद वर्षाच्या शेवटी एकत्र शिवून वर्गाच्या कपाटात ठेवावेत. पुढच्या वर्षीची मुले त्यांतली वाक्ये ‘आम्ही वाचले’ या रकान्यात घेतील, पुन्हा जाऊन पाहतील, आणि तारखा वेगळ्या निघाल्या तर का निघाल्या, हा नवा प्रश्न विचारतील.